तुमची पार्श्वभूमी एका पानावर लिहून द्या

पुणे महापालिकेच्या २०२६ च्या निवडणुकीसाठी आमच्या प्रभागातून अ, ब, क आणि ड या जागांवर उभ्या असलेल्या सर्व उमेदवारांना खुले पत्र



चिन्हवाटप ३ जानेवारीला झालं आणि मतदान १५ जानेवारीला आहे. प्रचाराला तुम्हाला धड दोन आठवडेही मिळालेले नाहीत, आणि तुम्हाला ओळखून घ्यायला आम्हालाही तेवढेच दिवस आहेत. त्यात प्रभाग चार जणांचा. शहरात १६५ जागा, ४१ प्रभाग आणि ३५ लाखांवर मतदार. म्हणजे एकेका प्रभागात सरासरी ८० हजारांहून जास्त मतदार. सिंहगड रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्यानं पलीकडच्या वस्तीतला उमेदवार उभ्या आयुष्यात पाहिलेला नसतो. तरी त्याला पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या आणि निळ्या मतपत्रिकेवर मिळून पंचवीस-तीस नावं वाचायची आहेत आणि चार बटणं दाबायची आहेत. म्हणून तुम्हा सगळ्यांना मिळून हे एकच पत्र. पक्ष कोणताही असो, अपक्ष असा, चारही जागांना ते सारखंच लागू आहे.

तुमचं म्हणून आमच्या घरात पहिल्यांदा जे येतं ते परिचयपत्रक. गुळगुळीत कागद, चार पानं. पहिल्या पानावर तुम्ही हात जोडलेले, वर नेत्यांचे गोल फोटो पक्षातल्या उतरंडीप्रमाणे लहान-मोठे. आत 'कार्यसम्राट', 'युवा नेतृत्व', 'जनसेवक'. खाली केलेल्या कामांची यादी: खेळ पैठणीचा, काशी-उज्जैन देवदर्शन यात्रा, मोफत नेत्रतपासणी, आधार कार्ड शिबिर, गुणवंतांचा सत्कार, दहीहंडी. मागच्या पानावर आरत्या किंवा वर्षाची दिनदर्शिका, म्हणजे पत्रक रद्दीत जाऊ नये. यातलं काही वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या घरातल्या बायका त्या यात्रेला गेल्या होत्या आणि खूश होऊन आल्या. पण या यादीतल्या एकाही कामासाठी नगरसेवक व्हावं लागत नाही. पैसे आणि माणसं असली की झालं. आणि ते पैसे कुठून आले, हे पत्रकात कधीच नसतं.

दुसरा कागद म्हणजे शपथपत्र. ते मात्र आपणहून घरी येत नाही, शोधायला जावं लागतं. संकेतस्थळावरून उतरवलं तर निम्मी पानं आडवी स्कॅन केलेली, नोटरीचा शिक्का नेमका आकड्यावर. व्यवसायाच्या रकान्यात 'शेती व व्यवसाय'. कुठला व्यवसाय, ते नाही. दागिने तोळ्यांत मोजलेले, हातावरची रोकड, दुचाकी, पतसंस्थेतले शेअर, गावाकडचे गट नंबर. आणि जिथे खरं काही कळण्यासारखं असतं तिथे 'निरंक' नाही तर 'लागू नाही'.

हा कागद आम्हाला सहजासहजी मिळालेला नाही, हे लक्षात असू द्या. मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की उमेदवारावरचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. त्यावर सगळे पक्ष एरवी कधी होत नाहीत तसे एक झाले, कायदा बदलून या निकालाची धार बोथट केली. न्यायालयानं मार्च २००३ मध्ये ती दुरुस्तीही रद्द केली. २०१३ मध्ये रकाने कोरे सोडायची पळवाट बंद झाली आणि २०१८ मध्ये उत्पन्नाचे स्रोत द्यावे लागतील असं ठरलं. या सगळ्या लढायांच्या केंद्रस्थानी आमदार-खासदार होते. नगरसेवकपदाच्या उमेदवाराचं शपथपत्र याच वाटेनं आलं. त्यातून तुमची श्रीमंती कळते, तुमच्यावरचे खटले कळतात. तुमचं महापालिकेशी नातं काय, हे मात्र त्यातून नीट उलगडत नाही. मला विचारायचं आहे ते एवढंच. महापालिकेच्या निवडणुकीत उमेदवाराची पार्श्वभूमी म्हणजे त्याचे आणि महापालिकेचे आजवरचे व्यवहार. बाकी सगळं त्यानंतर.

याला कारण आहे. आमदार कायदे करतो. नगरसेवक मंजुऱ्या देतो. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं आहे. स्थायी समितीत सोळा जण बसतात आणि मोठ्या निविदांवर त्यांची मोहोर लागते. शहर सुधारणा समितीपुढे रस्त्यांची आखणी, आरक्षणं, जागांचे विषय येतात. मुख्य सभेत एका ओळीच्या उपसूचनेनं एखाद्या भूखंडाचं नशीब पालटू शकतं. म्हणजे उद्या तुमची सही ज्या कागदावर लागणार, त्याच कागदाच्या दुसऱ्या टोकाला आज तुम्ही, तुमचा भाऊ किंवा तुमचा भागीदार उभा आहे का, हे आम्हाला मतदानाआधी कळलं पाहिजे. निवडून आल्यावर ते माहितीच्या अधिकारात उकरत बसायची हौस आम्हाला नाही.

तेव्हा पहिला प्रश्न ठेक्यांचा. महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर नगरसेवक होता येत नाही, असं महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम सांगतो. ठेकेदार नसल्याचा दाखला तुम्ही अर्जाबरोबर जोडलाही असेल. पण मेहुण्याच्या नावावरची कंपनी, चुलतभावाची सुरक्षारक्षक पुरवणारी संस्था, एकेकाळच्या भागीदाराचं ड्रेनेज दुरुस्तीचं काम, हे त्या दाखल्यात कुठे येणार? तुमच्या जवळच्या नात्यातल्या कोणाकोणाला गेल्या दहा वर्षांत महापालिकेची कामं मिळाली, ती लिहा.

ठेकेदार असणं हा गुन्हा आहे असं आम्हाला म्हणायचं नाही. महात्मा फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी ही त्यांची कंपनी. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचा ठराव आला तेव्हा बत्तीस सदस्यांत एकट्या फुल्यांनी विरोध केला. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, हे त्यांचं म्हणणं. पुढे मंडईच्या इमारतीवरच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. ती मंडई बांधली गेली, रे मार्केट म्हणून उभी राहिली आणि नंतर तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. त्यांचा व्यवसाय काय होता हेही आज आपल्याला माहीत आहे आणि सभागृहात त्यांनी हात कशासाठी वर केला हेही. दोन्ही समोर असल्यामुळे माणूस जोखता येतो. आम्हाला तुमच्याबद्दलही हेच हवं आहे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. पुण्याच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा गावं आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. नंतर त्यातली दोन वगळली गेली. समाविष्ट गावांतून उभे असलेले अनेक जण ग्रामपंचायतीत सरपंच-उपसरपंच होते, आणि गुंठेवारीचे प्लॉट पडले ते त्याच काळात. तेव्हा सरळ लिहा: तुमचं किंवा तुमच्या घरातल्या कोणाचं बांधकाम विनापरवाना आहे का? त्याला नोटीस आली होती का, आणि तिचं पुढे काय झालं? तुमच्या भागीदारीतला एखादा प्रकल्प नदीच्या निळ्या पूररेषेत येतो का? २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. त्या दिवशी तुम्हीच होड्या आणल्यात, खिचडी वाटलीत. त्याचे फोटो पत्रकात आहेत आणि त्याबद्दल आभारही आहेत. पण नदीपात्रात भराव कोणी टाकला, याची चौकशी उद्या सभागृहात निघाली तर तुम्ही कोणत्या बाजूच्या खुर्चीत असाल, हेही आम्हाला कळायला हवं. आणि हा नुसता सदाचाराचा मामला नाही. नगरसेवकानं, त्याच्या जोडीदारानं किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यानं बेकायदा बांधकाम केलं तर पद जाऊ शकतं, अशी तरतूद कायद्यात आहे. मग प्रभागात पोटनिवडणूक आमच्याच पैशानं होते.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्यांनी विचारलाच पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसची (गुलेन बॅरे सिंड्रोम) साथ आली. धडधाकट माणसं एकाएकी चालायची बंद झाली, काही व्हेंटिलेटरवर गेली. दूषित पाण्याकडे बोट गेलं. विहिरी, आरओ प्लांट, टँकर सगळ्यांची तपासणी सुरू झाली. तुमच्यापैकी कोणाचे टँकर चालतात? कोणाच्या विहिरीवर किंवा बोअरवर ते भरतात? कोणाचा आरओ प्लांट आहे? नळाला पाणी आलं की टँकर थांबतो. त्या धंद्यावर ज्याचं घर चालतं, त्यानं समान पाणीपुरवठा योजनेच्या कामाचा पाठपुरावा कोणत्या उत्साहानं करायचा? टँकर असूनही तुम्ही तो कराल, तर तसंही लिहा. आम्ही विश्वास ठेवायला तयार आहोत. आधी माहिती तर समोर येऊ द्या.

चौथा प्रश्न फक्त माजी नगरसेवकांना. २०१७ च्या फेब्रुवारीत तुम्ही निवडून आलात आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. या पाच वर्षांत मुख्य सभेला किती वेळा हजर होतात? सभा तहकूब होण्याआधी सही करून निघून गेलात ते दिवस सोडून सांगा. लेखी प्रश्न किती विचारलेत, आणि कशावर? कोणत्या ठरावाला विरोध केलात? तुमच्या 'स' यादीतला, म्हणजे नगरसेवकानं सुचवलेल्या कामांचा, पैसा कुठे गेला? आम्हाला जे दिसलं ते असं: चांगले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवले, बसस्टॉप नसलेल्या जागी बाकडी आली, कापडी पिशव्या आल्या, कचऱ्याचे डबे आले, आणि या प्रत्येकावर तुमचं नाव. पुस्तकावर कवीचं असावं तेवढं ठळक. पण त्या कामांची यादी रकमेसह तुम्हीच दिलीत तर आमची नजर चुकली आहे की नाही, ते पडताळून पाहता येईल. इतिवृत्तं महापालिकेत आहेत. तुम्हाला फक्त त्यातली तुमची पानं काढायची आहेत.

पाचवा प्रश्न सगळ्यांना, विशेषतः पहिल्यांदा उभे असलेल्यांना. १५ मार्च २०२२ पासून या शहरात नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षं. अंदाजपत्रक एका माणसानं मांडलं आणि त्याच माणसानं मंजूर केलं. खड्डा असो, तुंबलेलं गटार असो, आम्ही क्षेत्रीय कार्यालयात गेलो की 'साहेब व्हिजिटला गेलेत' एवढंच कानावर यायचं. या चार वर्षांत कोणाच्याही हातात पद नव्हतं. म्हणून तुमची खरी ओळख याच काळात सापडेल असं मला वाटतं. तुम्ही विकास आराखड्यावर हरकत नोंदवलीत का? सोसायटीच्या पाण्यासाठी अर्ज केलात, त्याची पोच आहे का? एखाद्या झाडासाठी, शाळेच्या खोलीसाठी, बंद पडलेल्या दवाखान्यासाठी कुठे हेलपाटे घातलेत? नव्या उमेदवाराकडे इतिवृत्त नसतं, पण अर्जांची फाइल असू शकते. तीन अर्जांच्या पोचपावत्या लावल्यात तरी त्या आमच्या लेखी लकी ड्रॉच्या गाडीपेक्षा जड आहेत.

आता गुन्ह्यांचा विषय. इथे आम्हालाही थोडी समज दाखवावी लागेल. 'चार गुन्हे दाखल' एवढं वाचून नाव खोडणं अन्यायाचं आहे. पाण्यासाठी हंडा मोर्चा काढला, रस्ता रोखला, जमावबंदी मोडली, तर गुन्हा दाखल होतो, आणि वर्षानुवर्षं तो कोर्टात पडून राहतो. तसले गुन्हे अंगावर असणं ही कार्यकर्त्याची मिळकत आहे. खंडणी, जागा बळकावणं, मारहाण, बायकांना त्रास देणं ही वेगळी कलमं आहेत. म्हणून नुसता आकडा देऊ नका. कलम, वर्ष आणि प्रकरण काय होतं, ते तीन ओळींत लिहा. लपवलंत तर काय होतं याचा दाखला स्थानिक निवडणुकीतलाच आहे. तमिळनाडूत कोइंबतूर जिल्ह्यातल्या एका पंचायतीच्या अध्यक्षानं एक प्रकरण दाखवलं आणि बाकीची लपवली. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१५ मध्ये सांगितलं, की हे मतदारावर अनुचित प्रभाव टाकणं आहे आणि अशी निवडणूक रद्द ठरते. पंचायत लहान होती, म्हणून न्यायालयानं सूट दिली नाही.

यंदा वर्तमानपत्रांत आणखी एक गोष्ट वाचतो आहोत. ज्याच्यावर गुन्हे, तो उभा राहत नाही, त्याच्या घरातलं कोणीतरी उभं राहतं. नात्यामुळे कोणाला दोषी धरू नये, हे मला पटतं. पण मग प्रचारफेरीत पुढे कोण चालतो, कार्यालयाचं भाडं कोण भरतो आणि निवडून आल्यावर फोन कोण उचलणार, हेही त्याच उमेदवारानं स्वतःच्या तोंडानं सांगावं.

याच्या अगदी लगतचा मुद्दा महिला उमेदवारांचा. १६५ पैकी ८३ जागा महिलांच्या आहेत. तुमच्या पत्रकांत तुमच्या नावाखाली तुमच्या यजमानांचं काम छापलेलं आहे, संपर्काला त्यांचा मोबाइल नंबर आहे आणि काही ठिकाणी त्यांचा फोटो तुमच्यापेक्षा मोठा आहे. ताई, आम्हाला तुमची पार्श्वभूमी हवी आहे. बचत गट चालवलात, त्याची उलाढाल किती? अंगणवाडीत नोकरी केलीत, सोसायटीच्या सचिव होतात, घरगुती मेस चालवलीत, दोन मुलांना वाढवताना रेशनच्या रांगेत उभ्या राहिलात, जे असेल ते. ते कोणत्याही कार्यसम्राटाच्या यादीपेक्षा महापालिकेच्या कामाच्या जवळचं आहे. ते झाकून यजमानांचं कर्तृत्व आमच्या हातात ठेवू नका.

काय विचारायचं नाही, तेही सांगून टाकतो. तुमची जात आम्हाला नको. राखीव जागेला तिचा दाखला लागतो आणि ते तपासणाऱ्यांचं काम आहे. तुम्ही मूळचे पुण्याचे की साताऱ्याहून, लातूरहून, जळगावहून आलेले, हेही नको. सिंहगड रस्त्यावरची निम्मी घरं अशीच कुठून कुठून आलेली आहेत. शिक्षणाचा रकानाही मी वगळायला तयार आहे. अंदाजपत्रक वाचायला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. पक्ष किती बदलले, यावरही आम्ही वाद घालणार नाही. पक्षाची अधिकृत उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मच्या शेवटच्या रात्री कोण कुठे होतं आणि सकाळी कुठल्या रंगाचं उपरणं गळ्यात आलं, हे आम्ही पाहिलं आहे. पण एक ओळ लिहा: ज्या पक्षात काल होतात त्याच्या ज्या धोरणांना तुम्ही सभागृहात हात वर केलेत, ती आज तुम्हाला मान्य आहेत की नाहीत?

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं लिहायला वेळ कुणाला आहे? पुण्यात तुम्हाला प्रचारावर १५ लाखांपर्यंत खर्च करायची मुभा आहे. एका पानाच्या झेरॉक्सला त्यातले किती लागतील? आणि तुम्ही हेही म्हणाल, की समोरचा लिहिणार नाही आणि मी लिहिलं तर माझ्याच पायावर धोंडा. ही भीती खरी आहे. ज्यानं टँकरचा धंदा कबूल केला त्याची चर्चा होणार आणि ज्यानं लपवला तो हात जोडून फिरणार. त्याला आम्ही मतदार जबाबदार आहोत. खरं सांगणाऱ्याला झोडपायचं आणि गप्प राहणाऱ्याला सोडून द्यायचं, ही सवय आमचीच.

म्हणून आम्ही एक व्यवस्था केली आहे. आमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांनी मिळून प्रवेशद्वाराजवळच्या सूचनाफलकांवर तुम्हा सर्वांची नावं जागांच्या क्रमानं लावायची ठरवलं आहे. अ जागा, तिचे उमेदवार, ब जागा, तिचे उमेदवार, अशीच चारही. प्रत्येक नावाखाली एका पानाची जागा सोडलेली असेल. १० जानेवारीच्या संध्याकाळपर्यंत तुमचं सहीचं पान वॉचमनच्या टेबलावर द्या. आहे तसं लावू. त्यात काटछाट करणार नाही, खाली शेरा मारणार नाही. कुणाला खोटं वाटलं तर त्यानं शपथपत्राची किंवा दाखल्याची प्रत शेजारी लावावी, नुसतं तोंडी चालणार नाही. ज्यांचं पान येणार नाही त्यांच्या नावाखाली एकच ओळ येईल: 'विचारलं होतं. उत्तर आलं नाही.'

आणि पॅनेलवाल्यांसाठी शेवटचं. 'चारही बटणं आपल्याच चिन्हावर' हे तुमचं आवाहन ऐकलं. आम्ही चार जागांची चार वेगळी पानं वाचणार आहोत, आणि एकाचं उत्तर चांगलं म्हणून त्याच्यामागून इतर तिघांना आत सोडणार नाही. ज्या जागेवर एकही पान आलं नाही, तिथेही बटण दाबावंच लागतं, आणि त्या यादीच्या तळाशी 'वरीलपैकी कोणीही नाही' असतं. आम्हाला ते दाबायची पाळी येऊ देऊ नका.



आपला,
प्रभागातील एक मतदार
सिंहगड रस्ता, पुणे